चुकलेला ठोका

देवीला तोंडावर बोलणाऱ्या बायका मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. लग्न होऊन कुंभवळ्याला आले त्या वर्षीचं लळीत मला अजून आठवतं. सोमजाईच्या देवळापुढच्या अंगणात, उन्हं उतरताना, गोदूकाकी कमरेला पदर खोचून उभी राहिली आणि देवीला म्हणाली, "माझी गाभण म्हैस मेली तेव्हा तू कुठे शेण खायला गेली होतीस?" गाव हसलं. माझे सासरे त्या देवळाचे गुरव, तेही हसले. मग माझी सासू उठली, देवीच्या शेजारी जाऊन बसली आणि देवीच्या वतीने म्हणाली, "गोदे, त्या म्हशीने आधी माझी भातखाचरं खाल्लीन, त्यांचं काय?" पुन्हा हशा. गोदूकाकीने पायरीवर डोकं टेकलं, नारळ फुटला आणि मंडळी घरी गेली.

आमच्याकडचं लळीत हे असं. नवरात्र सरल्यावर एका बाईने देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं, मनात असेल ते, आडपडदा न ठेवता. त्याला देवीचं उत्तर गुरवाच्या घरच्या सर्वांत वडील बाईने द्यायचं. दोन्हीपैकी काहीच लिहिलेलं नसे, आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. उत्तर झाल्याशिवाय नारळ फुटत नाही आणि नारळ फुटल्याशिवाय जागचं उठायचं नाही, एवढा एकच नियम.

त्या काळी देवी दुखावते असं आम्हाला वाटत नसे. माणसं दुखावू लागली ती पुढे. आधी शहरांत. कुणाच्या चित्रावरून, कुणाच्या नाटकावरून, कुणी फोनवर टाकलेल्या चार ओळींवरून. दुकानं फुटली, माणसं मेली. कोर्टात दहा-दहा हजार लोक शपथेवर सांगत की आमच्या भावना दुखावल्या, आणि त्यातल्या अर्ध्यांनी ते चित्र पाहिलेलंही नसे. खरा दुखावलेला कोण आणि दगड मारायला निमित्त हवं असलेला कोण, हे न्यायाधीशाने ओळखायचं कसं?

मग ते यंत्र आलं.

ते मला माझ्या नातीने, रेवाने, समजावून सांगितलं. ती आमच्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. मेंदूतून निघून थेट हृदयापर्यंत उतरणारी एक लांब नस असते, तिचं काम गाडीच्या ब्रेकसारखं. माणसाला राग आला की ब्रेक सुटतो, हृदय धावायला लागतं, बोटं गरम होतात. पण जिवाला लागलं की उलट होतं. तो ब्रेक क्षणभर दाबला जातो. पुढचा ठोका पडायला उशीर होतो, बोटं गार पडतात, आणि मग हृदय पुन्हा चालू लागतं. हे ठरवून करता येत नाही, लपवताही येत नाही. आणि गंमत म्हणजे, जे आपलं असतं त्याबद्दल बोललं तरच असं होतं. परक्याचं काही बोललं तर नुसता राग येतो.

"काळजाचा ठोका चुकला असं आपण म्हणतोच ना आजी," रेवा म्हणाली होती. "पुण्याच्या एका शास्त्रज्ञ बाईंनी तो मोजला, एवढंच."

तिला त्या शोधाचं फार कौतुक होतं. शाळेतल्या मुलांच्या मनगटावर पट्टे बांधून तिने तो प्रयोग करून दाखवला होता. असे पट्टे तोवर सगळ्यांच्याच हातात आले होते, आरोग्य विम्यासाठी ते सक्तीचेच होते. सरकारने त्यावर कायदा केला. कुणाच्या बोलण्याने श्रद्धा दुखावली अशी तक्रार आली तर त्या क्षणाच्या पट्ट्याच्या नोंदी बघायच्या. ऐकणाऱ्यांत कुणाचाच ठोका चुकलेला नसेल तर तक्रार फेटाळायची. एकाचा जरी ठरलेल्या मर्यादेपलीकडे चुकलेला असेल आणि तक्रारीवर कुणाचीही सही असेल, तर गुन्हा सिद्ध. दोन वर्षं कैद आणि पुढे जन्मभर चार माणसांपुढे बोलायची बंदी. शिक्षक, कीर्तनकार, पुढारी, सगळ्यांना सारखाच नियम.

खोटे तक्रारखोर त्यामुळे खरोखर कमी झाले, हे मला मान्य करायलाच हवं. दोन वर्षं लोकांनी सुटकेचा श्वास घेतला.

आता आमच्या घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा मुलगा उदय हा रेवाचा बाप. रेवा बारा वर्षांची असताना गावामागच्या डोंगरमाथ्यावरची, सड्यावरची दरड खाली आली. पाऊस तीन दिवस हटला नव्हता. उदय पहाटे उठून देवळात गेला आणि वाडीला जाग यावी म्हणून घंटा बडवत राहिला. वाडी उठली, बहुतेक सगळे वरच्या शाळेकडे पळाले. काही म्हातारी माणसं मात्र देवीचा आसरा म्हणून देवळाच्या मंडपात शिरली. दरड मंडपावर आली. गाभाऱ्याला खरचटलंसुद्धा नाही. उदय गेला, आणि त्याच्यासोबत मंडपातली माणसं. त्यांत विश्राम तावड्यांची आई होती.

विश्राम आज देवस्थान कमिटीचा अध्यक्ष आहे. मला काकी म्हणतो. उदयच्या बाराव्याला तोच पहिल्यांदा म्हणाला होता की देवीने त्यांना पदरात घेतलं. मग सगळं गाव तेच म्हणू लागलं, आणि मीही. रेवाची आई रत्नागिरीला इस्पितळात नर्स आहे, ती नोकरीवर परत गेली. मी गावात राहिले ती त्या एका वाक्याच्या आधारावर. दर वर्षी घटस्थापनेला देवीला नवं लुगडं मीच नेसवते. निऱ्या काढते, पदर डोक्यावरून घेते, आणि तो पदर सारखा करताना मनात म्हणते, माझं लेकरू आहे हो यात, सांभाळ.

यंदा गाऱ्हाणं घालायला रेवा उभी राहिली.

अंगण भरलं होतं. जाहीर कार्यक्रम, म्हणून पट्टा घातल्याशिवाय आत सोडत नव्हते, आणि बसायच्या जागांनाही क्रमांक होते. मागच्या बाजूला तालुक्याच्या एका धर्मरक्षण संघटनेची काही मंडळी येऊन बसली होती, त्यांना गावात कुणी ओळखत नव्हतं. मी पुढे, देवीच्या उजव्या हाताला. या वर्षीचं उत्तर मला द्यायचं होतं.

रेवाने सुरुवात हसत-खेळतच केली. शाळेचं छप्पर गळतं, मास्तर बदलून जातात, तुझ्या पालखीला रस्ता होतो आणि आमच्या मुलांना होत नाही. लोक रंगात आले. मग ती थांबली. आवाज खाली आला.

"आई सोमजाई, माझा बाबा तुझी घंटा वाजवता वाजवता मेला. तुला तो वाचवता आला नाही. गाव म्हणतं, तू त्याला पदरात घेतलंस. तुला कुठला गं पदर? तुझं लुगडंसुद्धा माझी आजी नेसवते."

लोक हसले. मोकळे, मोठ्याने. बोलणं होतंच तसं, गोदूकाकीच्या जातीचं. विश्रामही हसला, मी त्याला पाहिलं. आणि त्याच क्षणी मागून एक माणूस उठून ओरडला की देवीची विटंबना चाललीय आणि तुम्ही दात काढताय. विश्रामचं हसू तोंडावरच विझलं. तो उभा राहिला, कारण आता बसून राहणं त्याला शक्य नव्हतं. पाच मिनिटांत माईक बंद झाला. नारळ तसाच पाटावर राहिला. आमच्या गावच्या लळितात उत्तर झालं नाही असं पहिल्यांदाच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी तक्रार झाली. पहिली सही विश्रामची.

तालुक्याला सुनावणी झाली. अधिकारी कर्णिकबाई, वयाने रेवाहून फार मोठ्या नसाव्यात, शांत बोलणाऱ्या. भिंतीवरच्या पडद्यावर त्यांनी एकेकाची रेघ दाखवली. मागच्या मंडळींच्या रेघा डोंगरासारख्या वर चढत होत्या. नुसता राग, ठोका एकाचाही चुकलेला नाही. मग विश्रामची रेघ आली. छोट्या छोट्या उड्या होत्या तिच्यात. बाईंनी विचारलं, हे काय आहे माहीत आहे का? बाईच म्हणाल्या, "हे हसणं आहे, तावडे."

रेवाने माझा हात दाबला. आम्ही सुटलो असं तिला वाटलं.

तेवढ्यात बाईंनी शेवटची रेघ लावली. ती सरळ चालली होती, आणि जिथे रेवाचं ते वाक्य संपत होतं तिथे तुटल्यासारखी थांबली होती. त्या पोकळीकडे मी बघत राहिले. बाई म्हणाल्या की त्यांच्या कारकिर्दीत एवढा लांब थांबा त्यांनी पाहिलेला नाही. नाव गुप्त असतं, पुढच्या तारखेला ते उघडलं जाईल, पण नोंद पक्की आहे.

त्यांना कशाला उघडायला हवं होतं? मला तो क्षण माहीत होता. छातीत कुणी तरी मूठ आवळली होती.

घरी आल्यावर रेवा चुलीपुढे बसून म्हणाली, "तुझी होती ना ती?"

मी हो म्हटलं.

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "तुला लागलं, त्याची माफी मागते. बोलले त्याची नाही मागणार. तो माझा बाप होता, आजी. बारा वर्षं सगळ्यांनी मला सांगितलं की देवीने नेलं, म्हणजे रडायचं नाही. मी कुठे रडायचं होतं?"

मला खरंच लागलं होतं. अजून लागत होतं. एका बाजूने तिच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं आणि दुसऱ्या बाजूने तिच्या हातात बेड्या दिसत होत्या. तिचं शिकवणं जाणार, बोलणं जाणार, आणि तेही माझ्या काळजाच्या साक्षीने.

मी विश्रामकडे गेले. तक्रार मागे घे म्हटलं. त्याने चहा केला, खुर्ची दिली. मग सांगितलं की त्याच्या हातात आता काही नाही, तालुक्याची माणसं रोज फोन करतात, सही काढली तर त्यालाच देवीचा वैरी ठरवतील. मी म्हटलं, तू तर हसला होतास रे. तो खाली मान घालून बसला.

"मी हसलो, काकी. पण तुम्हाला लागलं. मशीन खोटं बोलत नाही. तुमचं काळीज म्हणजे आता आमचा पुरावा."

उठून येताना ओटीवर त्याच्या आईचा फोटो दिसला. दिव्यात तेल घातलेलं होतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या सकाळी, मला सुचलं ते माझ्या दिरामुळे. सासऱ्यांच्या मागे देवळाची गुरवकी त्याच्याकडे आली. त्याला आम्ही भाई म्हणतो. कुणीतरी कौल मागायला आलं होतं. देवीच्या अंगावर पाण्याने दोन्हीकडे पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. त्या माणसाचं तोंड उतरलं. भाई त्याला म्हणाला, गाऱ्हाणं अर्धवट सांगितलंस, नीट पुरतं सांग, पुन्हा लावू. आमच्याकडे कौल नेहमीच पुन्हा लावता येतो. देवी सांगते ते विचारलेल्या प्रश्नाचं, आणि प्रश्न अर्धा असला तर कौलही अर्धा.

कर्णिकबाईंपुढे मी हेच सांगितलं. नाव उघडायच्या आधीच उभी राहिले आणि म्हटलं, ती रेघ माझी. पण मोजणी अर्धी आहे. लळितात गाऱ्हाणं आणि उत्तर मिळून एक बोलणं होतं. तुम्ही अर्ध्यावर मोजलंत. आमचं उत्तर व्हायचं आहे, नारळ फुटायचा आहे. कौल आम्ही पुन्हा लावतो, तुमच्या यंत्राचाही लावा.

संघटनेचा वकील हसला. बाई हसल्या नाहीत. घटनेच्या जागी फेरमोजणीची तरतूद आहे, त्या म्हणाल्या, पण वापरली कुणी नाही. फेरमोजणी झाली तर जुन्या सह्या रद्द, आणि पहिली सही ज्याची त्यालाच नव्याने सही करावी लागेल. आणि तुमचा ठोका पुन्हा चुकला तर मग दार बंद. समजतंय ना?

मला समजत होतं. देवीच्या तोंडचं एक उत्तर मी मनाशी पाठ करून ठेवलं होतं. लेकरा, सगळं माझ्या पदरात आहे, रुसू नको. ते म्हणायचं, स्वतःला शांत करायचं, रेघ सरळ ठेवायची. एवढंच.

ठरलेल्या सकाळी अंगणात तीच माणसं त्याच जागी बसली. तालुक्याची मंडळीही आली. कर्णिकबाई खांबाजवळ, मांडीवर रेघा दाखवणारा छोटा पडदा घेऊन. रेवाला तेच गाऱ्हाणं पुन्हा घालायला सांगितलं गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तिने ते वाक्य म्हटलं. या वेळी कुणी हसलं नाही. मूठ पुन्हा आवळली गेली, त्याच जागी.

मी उठले आणि देवीच्या शेजारी बसले. तिच्या खांद्यावरचा पदर माझ्या हाताला लागला. मीच घातलेली पिन त्याला होती. तोंड उघडलं, आणि ते पाठ केलेलं वाक्य येईना. समोर पोर उभी होती, बापाच्या नाकाची, बापाच्या हनुवटीची. तिने एवढ्या लोकांत खरं विचारलं होतं. देवीच्या जागी बसून मी तिच्याशी खोटं कसं बोलू?

"पोरी," मी म्हटलं, "मला पदर नाही. तुम्ही नेसवता तेवढाच."

अंगणात कुणी तरी खोकलं.

"त्या दिवशी मी इथेच होते. दरड येताना मी पाहिली. मला उठता येत नाही. तुझा बाप माझ्यासाठी आला नव्हता, तुमच्यासाठी आला होता. जी म्हातारी माणसं माझ्या आसऱ्याला आली, त्यांना वर पळा असं सांगायला मला तोंड नव्हतं. मी त्यांना नेलं नाही. मला नेता येत नाही. मला फक्त ऐकता येतं. म्हणून तर वर्षातून एकदा माझ्यापुढे बोलायला बसता. तेवढं बंद केलंत तर मी कशाला आहे इथे?"

पुढे मला बोलवेना. मी पदराचं टोक धरून बसून राहिले.

कुणी ओरडलं नाही, मागचा तो माणूससुद्धा. मग मी कर्णिकबाईंकडे पाहिलं. त्यांनी पडदा हातात उचलून धरला होता आणि एकेक रेघ सरकवत होत्या. वकिलाने विचारलं, गुरवबाईंची नोंद काय म्हणते.

"त्यांचा चुकला," बाई म्हणाल्या. "मुलीचा चुकला." त्यांनी आणखी सरकवलं. "या ओळीतल्या सगळ्यांचा चुकला. तावडे, तुमचा मागच्या सुनावणीतल्या त्या नोंदीइतकाच लांब आहे."

विश्रामने तोंडावर हात धरला होता. तो देवळाच्या मंडपाकडे बघत होता, जिथे आता नवे खांब आहेत.

बाई उठून त्याच्यासमोर गेल्या. कायदा आपला तसाच आहे, त्या म्हणाल्या. दुखावलं असेल आणि सही असेल तर गुन्हा. पण आता नोंदी दोन बोलण्यांच्या आहेत, आणि दुसऱ्या बोलण्याने जास्त माणसं दुखावली आहेत. तक्रार करायची तर दोन्हींवर करावी लागेल. एक रेवा उदय गुरव.

"आणि दुसरं?" त्याने विचारलं.

"ते तुम्ही सांगा. ज्या बाई बोलल्या त्यांचं नाव घालू, की ज्यांच्या वतीने बोलल्या त्यांचं?"

मागून तालुक्याचा माणूस म्हणाला, दोन्ही घाला, सही करा. विश्राम त्याच्याकडे वळला. गावात कुणी त्याचा आवाज चढलेला ऐकलेला नाही, आणि त्या दिवशीही चढला नाही.

"तुमची आई होती काय हो मंडपात?"

तो पाटापाशी आला, त्याने नारळ उचलला. नारळ फोडायचा मान भाईचा, म्हणून त्याने तो भाईपुढे धरला. भाईने त्याच्याच हाताला हात लावला. पायरीवर नारळ दोन भकलांत फुटला, पाणी उडालं, आणि माणसं उठू लागली.

कर्णिकबाईंनी सही न झालेले कागद मिटून पिशवीत ठेवले. जाताना त्यांनी बाहीचं टोक ओढून मनगटावरच्या पट्ट्यावर घेतलं. त्यांची रेघ कुणी बघितली नाही. बघू नयेच.

रीतीप्रमाणे रेवा पायरीवर डोकं टेकायला आली. उठताना माझ्यापाशी थांबली.

"लागलं ना गं पुन्हा?"

"लागलं," मी म्हटलं. "तुला?"

"मलापण."

तिने खाली वाकून देवीच्या लुगड्याची एक निरी, जी माझ्या बसण्याने सुटली होती, ती नीट खोचली. तिला ते येत नव्हतं. वाकडी खोचली. मी सरळ केली नाही.